गेली, म्हणजे लाइट

बहिणीचा फोन आला तेव्हा माझ्याकडे चार टक्के होते.
ती म्हणाली, "गेली."
पोटात गोळा आला. आत्याचं वय ब्याण्णव.
"कोण गेली?"
"अगं, लाइट! आमच्याकडेपण. दुपारपासून."
मग आम्ही दोघी खूप हसलो
आणि त्या हसण्यात ते चार टक्के संपले.

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार.
घट मांडलेला, पाच फळं, विड्याची पानं.
छत्र्या माळ्यावर टाकून दोन महिने झालेले,
आणि समुद्राला काय सुचलं कुणास ठाऊक.
पहाटे खिडकीतून पाहिलं तर
सबस्टेशनच्या अंगावर आडवा झालेला पर्जन्यवृक्ष,
प्यायलेला पाहुणा दिवाणावर पडतो तसा,
निवांत, कुणाला न विचारता.

पंप बंद म्हणून पाणी बंद.
लिफ्ट तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये लोंबकळलेली.
नऊ मजले, एकशे बासष्ट पायऱ्या.
मी मोजल्या,
कारण अंधारात मोजल्याशिवाय पाय टेकत नाही.
कळशी घेऊन चढताना
प्रत्येक मजल्याचा वास वेगळा लागला:
फ्रिजमधलं उतू गेलेलं दूध,
मेणबत्ती, अगरबत्ती,
सातव्यावर कुणीतरी स्वेटर काढलेला, डांबरगोळ्या.
दिव्यांत कधी कळलं नव्हतं हे.

खाली सिक्वेरा गाडीचं इंजिन सुरू ठेवून
सगळ्यांचे फोन चार्ज करून देत होता.
माणशी दहा मिनिटं. वहीत नोंद.
पार्किंगवरून त्याचं-माझं चार वर्षं बोलणं नाही.
"नाव?" त्यानं विचारलं, वहीतून वर न बघता.
मी सांगितलं.
त्यानं लिहिलं,
आडनावातला ऱ्हस्व-दीर्घसुद्धा बरोबर.

माझी खरी भीती फ्रिजच्या दारात होती.
निहारच्या इन्सुलिनच्या तीन बाटल्या, न फोडलेल्या,
पुऱ्या महिन्याच्या.
दर तासाला दार उघडून बघायचे
आणि बघितलं म्हणून उरलीसुरली गारही घालवायचे.
ही अक्कल मला दुसऱ्या रात्री आली.

दुसऱ्या मजल्यावरची चांगुणा वैती जिन्यात भेटली.
तिच्याशी माझा संबंध फाटकापाशी, टोपलीच्या अलीकडे-पलीकडे,
तोही भावावरून.
माझ्या हातातला डबा बघून म्हणाली,
"दे गो इकरं. माज्या पेटीन बर्फ हाय."
"बर्फाला लागता कामा नये," मी म्हटलं, "गोठलं की वाया."
तिनं बाटल्या आधी रुमालात, मग नवऱ्याच्या जुन्या बनियनमध्ये,
मग प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळल्या
आणि बोंबलांच्या बाजूला, कडेला, टेकवून ठेवल्या,
तान्ह्याला भिंतीकडे निजवतात तसं.
सकाळी निहार सुई घेताना म्हणाला,
"आई, औषधाला बोंबलाचा वास येतोय."
"लंगडं घालू नकोस," मी म्हटलं, आणि हळूच
बाटली नाकाशी नेली.
येत होता.

तिसऱ्या रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी आली.
कोण कुठलं बटण चालू ठेवून झोपलं होतं ते कळलं:
कुणाचा मिक्सर, कुणाचा टीव्ही, कुणाची भजनं.
सगळ्या खिडक्यांतून एकच शब्द, "आली!"
आत्या गावी झोपली होती, तिला यातलं काही नाही.

शुक्रवारी उतरवायचा घट मी रविवारी उतरवला.
सिक्वेराच्या वहीत माझ्या नावापुढे सतरा मिनिटं होती.
वरची सात त्यानं काढली नाहीत.

डॉक्टरांना फोन लावला.
ते हसले. "अहो, या थंडीत
कपाटात ठेवलं असतंत तरी चाललं असतं."

खाली गेले. चांगुणा कोयतीवरचे खवले पुसत होती.
"औषध वाचलं ना गो?"
"वाचलं," मी म्हटलं. "तुझ्यामुळे."
ती खुलली. मग लगेच टोपलीवरचं फडकं बाजूला केलं.
"मंग पापलेट घे. बर्फातलं नाय, आजचं हाय."

घेतलं.
पहिल्यांदाच भाव केला नाही.