आंबवण

पहाटे तीनला बातुमीच्या एका गल्लीत मी पीठ मळतो.
ऊब, ओल, अंधार,
एवढं मिळालं की खमीर आपलं आपण कामाला लागतं.
म्हाताऱ्या वख्तांगनं थोबाडीत मारून शिकवलं होतं मला हे.
तेव्हा कुठं ठाऊक होतं,
बार्बरेच्या डायपरमध्येही हीच तीन माणसं भेटायची.

आधी तिचा कान दुखला. दहा दिवस गुलाबी औषध,
केळ्याच्या वासाचं.
कान बरा झाला आणि लाली जांघेच्या घडीत उतरली,
चकाकती, कडा आखून दिल्यासारख्या.
भोवती सुटे ठिपके,
मोठ्या गावाबाहेर वसलेल्या वाड्यांसारखे.

नेहमीचं पांढरं मलम चार दिवस हरलं.
शेजारच्या एतेरीनं वाटीभर मक्याचं पीठ आणलं.
"आमची सगळी पोरं यावरच वाढली."
वाढली असतील.
पिठावर आणखी काय वाढतं, ते मला विचारा.

मग माझं लक्ष माझ्या हातांकडे गेलं.
नखांत कणीक, कोपरापर्यंत आंबूस वास.
त्या सकाळी मी तिला उचललं नाही.
ती हात पसरून रडत होती
आणि मी दारात उभा,
हात पाठीमागे, चोरासारखा.

डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद घेऊन
फार्मसीत गेलो, तर त्सिउरीबाईंना
आधी हातांचंच विचारलं.
त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.
"अरे मलखाझ, पावातलं निराळं, हे निराळं.
फार तर लांबचे भाऊबंद म्हण.
हे सगळ्यांच्याच अंगात असतं, चिमूटभर, निमूट.
कानाच्या औषधानं पहारेकरी झोपवले, एवढंच."
आणि काउंटरवर एक ट्यूब ठेवली,
माझ्या अंगठ्याहून लहान.

कोमट पाणी. मऊ फडकं. घासायचं नाही, टिपायचं.
घडी उलगडून पूर्ण कोरडी होऊ द्यायची.
मग पातळ थर, दिवसातून दोनदा.
पातळ!
मी आयुष्यभर परातीनं मोजलेला माणूस,
वाटाण्याएवढं मलम बोटावर घेऊन
श्वास रोखून बसलो.

दुपारी ती टॉवेलवर उघडी, पाय छताकडे.
हवा लागू दे, म्हणाले होते.
हवा लागली,
आणि तिनं माझ्या कामाच्या पँटवर कारंजं सोडलं.
नातिया इतकी हसली
की आठवड्याभराची झोप त्यात निघून गेली.

तिसऱ्या दिवशी आधी वाड्या उठल्या,
मग गावाचा रंग उतरत गेला.
आज कातडी साधी आहे,
भाजण्याआधीच्या पावासारखी.

तरी ट्यूब माझ्या वस्तऱ्याशेजारी उभी आहे.
दिसेनासं झालं म्हणजे गेलं असं नाही,
डॉक्टरांनी बजावलंय, मलाही माहीत आहे:
रिकाम्या भांड्याच्या कडेला चिकटलेलं
उद्याच्या पिठाला पुरतं.

अजून दोन दिवस.
हात धुतो. आधी. नंतरही.
मध्ये तिला उचलतो.