शेवट सांगू नका

दम्मामहून निघालो तेव्हा गाडीत चौघे.
मुजावर चाकावर, मागे टेंबुलकर नवरा-बायको,
तिकिटं माझ्याकडे, पासपोर्टात घालून ठेवलेली.
पुलावर दोन्ही बाजूंना समुद्र,
परातीत ओतून ठेवल्यासारखा.

खिडकीतल्या तरुण अधिकाऱ्यानं विचारलं, बहारीनला कशाला?
मुजावर त्याच्या मिरजेच्या अरबीत म्हणाला, नाटक.
कसलं?
एका माणसाचा खून होतो.
आता त्यानं मान वर केली.
कोण करतं?
तेच बघायला चाललोय.
ठप्पा. ठप्पा. ठप्पा. ठप्पा.

मला ठाऊक होतं कोण करतं.
एकोणीस वर्षांपूर्वी सांगलीत बघितलेलं,
तेव्हा तीनशे सत्तरावा प्रयोग.
आज बाराशे अकरावा.

शाळेचं सभागृह, खुर्च्या नववीच्या मुलांच्या मापाच्या.
नेपथ्य विमानानं आलं,
पाचगणीच्या बंगल्याची खिडकी तेवढी कस्टममध्ये अडकली.
सिल्हेटच्या एका सुतारानं दुपारभरात नवी ठोकली
आणि कुणी काही सांगितलं नव्हतं म्हणून
बाहेर खजुराचं झाड रंगवलं.
पाचगणीत खजूर.
कुणी हसलं नाही. कुणाला दिसलंच नाही,
इतकं ते रोजचं.

तिसरी घंटा.
तात्यासाहेब आधी कोसळले, मग गोळी सुटली.
मेल्यावर त्यांचं पोट हलतं.
बाराशे वेळा मेलेला माणूस,
श्वास कुठे ठेवायचा ते अजून जमलेलं नाही.

शेवट ठाऊक असलेला माणूस नाटक बघत नाही,
शेजारच्यांची तोंडं बघतो.
टेंबुलकरबाईंनी मध्यंतरापर्यंत वकील धरला, नंतर सोडला.
मुजावरचा संशय मंडळाच्या खजिनदारावर.
आणि रंगमंचावर खुनी सगळ्यांना चहा देत होता,
बशीत थेंबसुद्धा न सांडता.

सांगलीत माझ्या शेजारी सुधन्वा होता. धाकटा.
मध्यंतरात वडा खाता खाता म्हणाला,
माळी. लिहून घे, माळीच.
मग त्यानंच काढला विषय,
बाजारातल्या गाळ्याचा, माझ्या सहीचा.
मी काहीतरी बोललो.
काय बोललो ते पुढे मी खूप जणांना सांगितलंय,
दर वेळी थोडं वेगळं.
घंटा झाली. दिवे गेले.
त्याची खुर्ची शेवटपर्यंत मिटलेली.

म्हणजे त्याच्या लेखी अजून
माळीच.

पडदा पडल्यावर इन्स्पेक्टर पुढे आला,
उपटलेली मिशी मुठीत धरून.
मायबाप, एवढीच विनंती,
घरी गेल्यावर शेवट सांगू नका.
पाचशे माना हलल्या.
घरी काय सांगायचं नाही,
याचा इथे सगळ्यांना सराव.

परतताना रात्रीचा दीड.
खिडकीत तोच अधिकारी, ड्यूटी बदलून ह्या बाजूला आलेला.
पासपोर्ट उघडायच्या आधीच,
हं, मग? कोणी केला?
मुजावरनं माझ्याकडे पाहिलं.
टेंबुलकरबाईंनी श्वास घेतला, सोडला नाही.

मी म्हणालो, माळी.

मुजावरला शब्द सापडेना.
त्यानं स्टिअरिंग सोडून हवेत पाइप धरला,
न दिसणाऱ्या झाडांना पाणी घातलं.
अधिकारी खूश झाला,
मला वाटलंच होतं, म्हणाला,
नाटक न बघता.
ठप्पा. ठप्पा. ठप्पा. ठप्पा.

बराच वेळ नुसते पुलाचे दिवे.
मग मागून टेंबुलकरबाई, पण माळी तर बिचारा...
वहिनी, मुजावर म्हणाला, शेवट सांगू नका.

फोन मांडीवर होता.
सांगलीत चार वाजले असतील.
सुधन्वाला पहाटे उठायची सवय होती.