बावीस सेंटिमीटर

समुद्रावरून मोटार जायला
बावीस सेंटिमीटर बर्फ लागतो.
वैनो हे मला लग्नाआधी म्हणाला होता.
आणखीही बरंच म्हणाला असेल, आठवतं ते एवढंच.

आमच्या हीउमा बेटापासून हाप्सालूच्या किनाऱ्यापर्यंत
सव्वीस किलोमीटर गोठलेलं पाणी,
आणि त्यावर सगळ्यांच्या आधी चालणारा माझा नवरा,
हातात गिरमिट, कमरेला दोर.
ठरावीक पावलांवर एक भोक, एक आकडा,
पेन्सिलीनं, कारण शाई गोठते.
अठरा. एकोणीस. अठरा.
पगारपत्रकावर काहीही लिहिलेलं असो,
त्याचं काम वाट पाहणं.
वाट होतेय का, ते पाहणं.
घरी येऊन चुलीपाशी मोजे टांगायचा, म्हणायचा,
अजून नाही.

ऑक्टोबरात टाल्लिनला डॉक्टर लाउर बाईंनी
त्यालाच एक आकडा सांगितला.
रक्त काढलं होतं गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी;
गुडघा राहिला बाजूला.
पांढऱ्या पेशी एकोणतीस हजार.
ल्युकेमिया, पण सावकाश चालीचा,
आणि अगदी पहिल्या पायरीवर.
मी म्हटलं, मग करा सुरू.

बाईंनी कागदावर तीन रेघा ओढल्या.
पहिलीपुढे गोळ्या, रोज, वर्षानुवर्षं;
त्यांनी कधी छातीचे ठोके चुकतात,
कापलं तर रक्त लवकर थांबत नाही.
दुसरीपुढे सलाइनमधून औषध, जोडीला गोळ्या,
वर्षभर, मग बंद.
तिसरीपुढे पेन जरा थांबलं.
मग लिहिलं: सध्या काही नाही. तीन महिन्यांनी या.

काही नाही?
घर पेटलंय आणि धूर मोजत बसायचं?
हे मी मोठ्यानं म्हणाले, बाहेरच्या बाकापर्यंत गेलं.
बाई म्हणाल्या, औषध आधी दिलं म्हणून आयुष्य वाढतं
असं अजून कुठे दिसलेलं नाही;
त्रास तेवढा आधी सुरू होतो.
काहींना तर कधीच लागत नाही.
सतराव्या गुणसूत्राचा तुकडा जागेवर आहे, हे चांगलं.
कुठल्या बाजूचा तुकडा, वैनोनं विचारलं.
त्याला असलं विचारायला आवडतं.

फेरीबोटीत मी त्याच्याशी बोलले नाही.

शेजारची हेल्वी बर्चच्या खोडावरची बुरशी घेऊन आली,
उकळून प्यायची, तिच्या दिराला गुण आला होता.
दीर मग कशानं गेला, ते मी विचारलं नाही.
वैनोनं लाउर बाईंना फोन केला. बाई नको म्हणाल्या.
बरणी तशीच आहे.
हेल्वी आली की तो ती जरा पुढे सरकवतो.

माझं म्हणाल तर,
रात्री उठून त्याचा सदरा चाचपते, घामानं भिजलाय का.
रविवारी मानेवरच्या गाठी: वाटाणा, की बोर?
मासे तोलायच्या काट्यावर त्याला उभा करते.
तो म्हणतो, आइमे, तूही भोकं पाडायला लागलीस.

बर्फावर पट्टा बांधायचा नसतो,
दार झटकन उघडता आलं पाहिजे.
पंचविसाच्या खाली चालवा नाहीतर चाळिसाच्या वर,
मधल्या वेगानं बर्फाखाली लाट उठते.
हे त्यानं गावातल्या प्रत्येक पोराला शिकवलं,
आणि आता शिकवायला वाटच होत नाही.
कित्येक हिवाळे समुद्र धड गोठला नाही.
खात्याचे फोन बंद झाले. हा जातोच.

जानेवारीत एकतीस हजार.
त्यानं ते बर्फाच्याच वहीत लिहिलं, त्याच रकान्यात,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, अजून नाही.
चाळीस वर्षं हा शब्द ऐकून मी वैतागत आले.
त्या दिवशी परत म्हणायला लावला.

काल खाडीच्या तोंडाशी पांढरं काही धरलं होतं.
गुडघा दुखत होता, म्हणून गिरमिट मी फिरवलं.
पाणी वर आलं, काळं, मनगटापर्यंत.
किती?
चार.
लिही, तो म्हणाला.
पेन्सिल त्याच्याच खिशात होती.