आधी पुढची वाट

सोमवारी सकाळी, चहाच्याही आधी,
मी टेप घेते. शिवणाचीच, पिवळी,
शून्यापाशी पुसट झालेली.
मनगट अठरा. कोपराखाली सव्वीस. दंड चौतीस.
मग डावा हात, तुलनेला.
त्याला काहीच झालेलं नाही, तरी मोजून घेतो बिचारा.
कॅलेंडरवर लिहिते पेन्सिलीनं,
भरती-ओहोटीच्या वेळांखाली.
श्रीवर्धनच्या समुद्राचं बरं आहे,
आला की जातो.

काखेतल्या चौदा गाठी काढल्या मुंबईला.
तीन वाईट निघाल्या.
उरलेल्या अकरांचं काय काम होतं
ते त्या गेल्यावर कळलं,
दीड वर्षानं, गणपतीत.
मोदकाच्या पाऱ्या करताना अंगठी रुतली.
साबण लावला, खोबरेल लावलं,
शेवटी पोतदारांच्या बंड्यानं कापली पकडीनं
आणि म्हणाला, वहिनी, अंग धरलंत.
एकाच हातानं?

नाझनीन मुकादम माणगावला बसते, मंगळवार-शुक्रवार.
तिची बोटं थंडगार. तेल नाही, जोर नाही.
मी म्हटलं, अगं दाब की जरा, एवढ्यानं काय होणार.
ती म्हणाली, काकी, पाणी कातडीच्या लगेच खाली आहे,
मांजराच्या पाठीवरून फिरवता ना, तेवढंच.
आणि हाताला तर शिवलीच नाही.
आधी मान. मग डावी काख.
मग छाती, जिथे आता आडवा वण आहे आणि दुसरं काही नाही.
मग खांदा, दंड,
सगळ्यात शेवटी पंजा.
पुढची वाट मोकळी केल्याशिवाय
मागचं पाणी ढकलायचं नाही, म्हणाली.

मला हसूच आलं.
परकर नेसत होते तेव्हापासून सुपारीला पाट सोडतेय मी.
विहिरीपाशी कितीही फावडं मारा,
खालच्या आळ्याशी विरी अडकली असेल
तर पाणी तुमच्याच पायांत येतं.
हे शिकायला एसटीनं माणगाव!

बाही कातडीच्या रंगाची म्हणून देतात.
कुणाच्या कातडीच्या, ते सांगत नाहीत.
दोन आहेत. एक अंगात, एक दोरीवर सावलीला.
आषाढात दोन्ही ओल्या,
चुलीजवळ नेली तर तिचं रबर मरतं,
मग पंख्याखाली धरून बसायचं, तान्ह्याच्या झबल्यासारखी.
पोस्टातली शालन विचारते, भाजलं का गं?
मी हो म्हणते.
तेवढ्यात माझा नंबर येतो.

डास, सुरी, मांजर, सगळ्यांशी वैर धरलं.
सोलायला बसले तरी हातमोजे.
एकदाच चुकले. लिंबाचा काटा, दिसलाही नाही.
दिवेलागणीला लाल रेघ कोपरापासून वर,
रात्री हुडहुडी, दातावर दात.
हे गाडी चालवताना पुटपुटत होते.
मला वाटलं, रामरक्षा.
लिंबाला शिव्या देत होते.
पाचव्या दिवशी परत आलो,
तर दुसऱ्या सकाळी झाड आडवं.
मी त्याच लिंबांचं लोणचं घालायचे, बावीस वर्षं!
भांडलो आम्ही. कडाडून, शेजारी ऐकतील इतकं.
आजार कळल्यापासून पहिल्यांदा
माझ्याशी कुणी आवाज चढवून बोललं.
रात्री जेवण दोन घास जास्त गेलं.

झोपताना पट्ट्या. चार थर.
बोटांशी घट्ट, वर जाता जाता सैल.
हे बांधतात, ट्यूबलाइट लावून.
लग्नाला एकोणतीस वर्षं,
एवढ्या उजेडात माझा हात कधी धरला नव्हता ह्या माणसानं.
आताही तोंडाकडे बघत नाहीत.
अंगठा, मग पहिलं बोट, मग...
घट्ट झालं?
करंगळीशी थोडं.
सोडतात सगळं, पुन्हा पहिल्यापासून.
बाहेर पंप बंद झालेला असतो
आणि पाटात उरलेलं पाणी
आपल्या आपण कुठे कुठे मुरत असतं.

आज दंड साडेतेहेतीस.
मी पेन्सिल उचलली.
हे दारातूनच म्हणाले,
टेप सैल धरलीस.
पुन्हा मोज.