माप

तवसाळच्या जेटीवर आलो तर फेरीबोट पलीकडे.
जयगडचे दिवे दिसत होते, बोट निघत नव्हती.
छातीवर जातं ठेवल्यागत, आणि पोरगा
हॉर्न दाबून बसलेला,
जशी काय खाडी बाजूला सरेल.

रत्नागिरीत डॉक्टरीणबाई नातीएवढी.
मी म्हटलं, जांघेतून ना? मेव्हण्याचं तसंच केलेलं,
रात्रभर वाळूची पिशवी, पाय हलवायची बंदी.
"नाही काका, मनगटातून जाऊ.
रक्त कमी जातं. सकाळचा चहा बसून प्याल."

मनगटातून!
अगो, मी हेदवीचा वासू कासार,
चाळीस वर्षं मनगटांवरच पोट भरलेला.
लांबून हात बघून सांगतो, दोन-चार की दोन-सहा.
हातमोज्यातला तिचाही मापला:
दोन-चार, तोही सैल.

तिनं माझा तळवा उताणा केला,
दोन बोटांनी चाचपलं अंगठ्याच्या मुळाशी,
मी हाड दाबायचो नेमकं तिथंच.
सुई. मग बारीक नळी.
कोपराखाली शीर आवळली, हाताचं लाकूड झालं.
"सैल सोडा हात, काका.
इकडे नका बघू. घरी कोण कोण असतं?"

माझंच वाक्य.
नव्या नवरीला, डोहाळजेवणाच्या पोरीला
हेच विचारत आलो,
आणि ती सासूचं नाव घेईपर्यंत
बांगडी सांध्यावरून पार.

मी सैल सोडला.
पडद्यावर एक काळी तार खांद्यापाशी वळली
आणि पुढचं मी बघितलं नाही.

आता मनगटावर पारदर्शक पट्टा, आत हवा.
थोड्या थोड्या वेळानं सिस्टर पिचकारीनं काढते,
घोटभर, पुन्हा घोटभर.
उतरवायला एवढा वेळ लागणारी बांगडी
मी कधी विकली नाही.

झोप नाही. पालशेतची भागीरथी आठवते.
तिची नाडी माझ्या अंगठ्याखाली
दोनदा चालायची, एकदा थांबायची.
मला कळत होतं. बोललो नाही,
गिऱ्हाईक घाबरेल म्हणून.
डझनभर हिरव्या चढवल्या, एकही वाढली नाही,
याचाच अभिमान.
ती आश्विनात गेली.

पहाटे सिस्टर शेवटची हवा काढायला येते.
तिचे हात मोकळे, ड्युटीवर चालत नाही म्हणे.
मी म्हणतो, जरा हात दे बघू.
ती हसते, पुढे करते.
"दोन-सहा लागतात मला."

माप नको गो.
जरा गप्प राहा.