चौऱ्याऐंशी

वस्तरा सरकारी होता,
धार माझी.
दर रविवारी तीन नंबरच्या बराकीपुढं
एक मग पाणी, तुरटीचा खडा,
बावीस माणसं, चव्वेचाळीस गाल.
एक उठला की दुसरा बसायच्या आत
पातं टॉवेलला पुसायचं.
बस्स. आत एवढंच चालतं.

मग सिव्हिलच्या सुवर्णा मॅडम आल्या,
खांद्याला निळं खोकं.
बोट टोचलं, पट्टीवर थेंब.
एक रेघ, जा. दोन रेघा, थांब.
सिदगोंडाला दोन. दस्तगीरला दोन.
सुई आणि काजळीनं ज्यानं निम्म्या बराकीच्या दंडांवर
आयांची नावं गोंदली, त्या पोरालाही दोन.
मला दोन.

सिदगोंडा हसला.
मार्केट यार्डात वीस वर्षं हळदीची पोती वाहिलेला,
नखांच्या कडा अजून तशाच.
म्हणाला, कावीळ व्हय मॅडम?
आमी तर धंद्यानंच पिवळे.
मॅडम म्हणाल्या, हा लवकर पिवळा करत नाही.
वर्षानुवर्षं यकृतात
गप बसून राहतो.

त्या रात्री मी झोपलो नाही.
कुणाची हनुवटी कधी कापली होती,
कुणाच्या कानामागं रक्त आलं होतं
आणि मी "काय नाय, मुंगी चावली" म्हणालो होतो.
कुणाचं माझ्याकडं आलं,
माझ्याकडून कुणाकडं गेलं,
हा पंचनामा कुणी केला नाही.
कोर्टात सगळे विचारतात, कुणी केलं?
मॅडमनी विचारलं, जेवलास का?

रोज एक गोळी. चौऱ्याऐंशी दिवस.
लहानपणी कीर्तनात ऐकलं होतं,
चौऱ्याऐंशी लक्ष फेरे,
तेव्हा कुठं माणसाचा जन्म.
इथं नुसत्या चौऱ्याऐंशी.
हवालदार म्हणायचे, आ कर, जीभ वर,
आणि आम्ही शाळेतल्या पोरांसारखे ओळीत.

फाटकावर कुणीतरी बोललंच:
चोरांना फुकटात एवढी महाग औषधं?
मॅडमनी खोकं खाली ठेवलं.
म्हणाल्या, भिंत माणसाला अडवते.
आणि तीही जामीन होईपर्यंत.
मग हा माणूस घरी जाणार,
तुमच्याच गल्लीतल्या न्हाव्यापुढं
मान टेकणार.

छप्पन्नाव्या दिवशी
दस्तगीरचा जामीन झाला.
जामीन झाला की माणसं मागं वळून बघत नाहीत.
हा फाटकाशी बसून राहिला:
साहेब, अठ्ठावीस राहिल्यात.
जेलरसाहेबांनी रजिस्टर उलटंपालटं केलं.
चप्पल होती, पट्टा होता, बंद पडलेलं घड्याळ होतं,
गोळ्यांचा रकाना नव्हता.
शेवटी "मौल्यवान वस्तू" च्या खाली लिहिलं:
गोळ्या, नग अठ्ठावीस.
त्यानं अंगठा उठवला
आणि डबी छातीशी धरून
आयर्विन पुलावरनं सांगलीवाडीला चालत गेला,
म्हणे. आम्ही काही बघितलं नाही.

आता माझ्याकडं पात्यांचा खोका असतो.
एका माणसाला एक.
झालं की मोडून पांढऱ्या डब्यात.
सिदगोंडा बसतो, मान वर करतो,
मी कागद त्याच्या डोळ्यांपुढं फाडतो.
तो बघत नाही. मी तरी दाखवतो.

माझ्या संपल्या त्याला दहा आठवडे झाले.
बाराव्याला पुन्हा एक थेंब, मग कळेल.

गेल्या मुलाखतीला दस्तगीर आला होता,
माझ्यासाठी, सख्ख्या भावासारखा नाव लावून.
बोलला काहीच नाही.
खिशातून रिकामी डबी काढली,
जाळीपलीकडं धरली
आणि कानाजवळ हलवून दाखवली.