बेळकिंडी

कार्पोरेशनच्या अर्जात एक रकाना असतो, कानडीतून:
बेळकु मत्तु गाळी. उजेड आणि वारा.
दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढत
तीस वर्षं मी त्यात एकच लिहीत आलो,
जमिनीच्या क्षेत्रफळाचा दहावा हिस्सा,
आणि घरी परतताना
लोकांच्या खिडक्यांतलं ऊन बघत बघत
दोनदा सायकलवरून पडलो.

बायको म्हणते, बाकीचे पुरुष दारू पितात.

मला ठाऊक आहे
किल्ल्यातल्या बस्तीत काळ्या गुळगुळीत खांबावर
उजेड तेलासारखा कसा चढतो,
कॅम्पातल्या बंगल्याच्या व्हरांड्यात
दुपारी चारला जाळीची सावली कितव्या फरशीवर असते,
खानापुरात कौलांच्या थप्पीवरून
ऊन पायरी पायरीनं उतरतं,
गुडघे धरलेल्या माणसासारखं.
यातलं काहीच नकाशात दाखवता येत नाही.

शब्द शेजारच्या शिवलिंगव्वानं दिला,
मी तिसरीत असताना, छताकडे बोट करून.
बेळकु म्हणजे उजेड, किंडी म्हणजे भोक.
आम्ही त्यालाच सवणं म्हणायचो.
तिच्या भोकातून आणि आमच्या भोकातून
सारखंच ऊन पडायचं
आणि चुलीचा धूर त्यात निळा होऊन उभा राहायचा.
मी ठरवूनच टाकलं: बेळकु-गाव, म्हणून बेळगाव.
मास्तरांनी कान धरला.
वेणुग्राम. बांबूचं गाव. लिही पाच वेळा.
लिहिलं.
बांबूही आतून पोकळच की,
हे तेव्हा सुचलं नाही.

वडगावात ईराप्पा ढवळीच्या मागघराला
तीन काचेची कौलं मीच घालायला लावली,
नकाशा फुकट काढून दिला.
पुढच्या उन्हाळ्यात गेलो तर तिन्हींवर डांबर.
"काय बघुलास वर?" त्यानं माग थांबवला नाही.
"ऊन धागा खाऊलंय गा.
मोरपंखी ताणा राखेगत होऊलाय.
बघायला ट्यूब हाय की."
चहा न घेताच उठलो त्या दिवशी.
उजेड खातो,
हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

मग बरीच वर्षं गेली. डांबराला पोपडे सुटले.
नवा हात मारायचा आहे, येताना ब्रश घेऊन ये, म्हणाला.
गेलो तो नेमका ग्रहणाचा दिवस.
दारं लावलेली, गल्लीत कुत्रं नाही,
सगळे माग बंद.
वडगाव इतकं गप्प मी कधी ऐकलं नव्हतं.

"इदेनु, मावा?"
हे काय म्हणून सून विचारत होती, निंगव्वा, हुक्केरीकडची.
मागावर पांढरा ताणा चढवलेला
आणि ताण्यावर कोरी,
नखाच्या कातरणाएवढ्या, वीस-पंचवीस,
सगळ्या एकाच कुशीवर वळलेल्या.
पोपड्यातलं एकेक टाचणीएवढं भोक
एकेक कोर खाली सोडत होतं.

म्हणजे रोज इथं जे वाटोळे ठिपके पडायचे,
ज्यांच्यावरून मांजर चालायचं, ज्यांना केरसुणी लागायची,
ते भोकांचे नव्हतेच.
तो सूर्य होता, अख्खा, उलटा,
इतक्या वेळा.
आज उष्टा निघाला म्हणून ओळखू आला.

ईराप्पानं ताण्याखाली नाही, ताण्यावर हात धरला.
शिरांवर तीन कोरी.
हात हलवला, कोरी जागच्या हलल्या नाहीत,
फक्त बोटांवरून घसरून पुन्हा सुतावर बसल्या.
"एवढ्यानं रंग जातोय काय?"
"पांढराच आहे की," मी म्हणालो.
तो हसला नाही. ट्यूबही लावली नाही.
आम्ही तिघं अर्धा तास तसेच बसलो,
कोरी फुगत फुगत गोल होईतोवर.
मग पलीकडच्या गल्लीत एक माग खडखडला,
त्यापाठोपाठ दुसरा.

ब्रश माझ्या पिशवीतच राहिला.
त्यानंही मागितला नाही.